कडेची नजर

हॅलो? … हां ताई, बोल. … घरीच आहे मी. तू कुठे? … अजून बाहेरच बसलीयस? थेंब घातले डोळ्यांत? … मग धूसर दिसणारच गं, बाहुल्या मोठ्या होतात त्यानं. … आणि सूनबाई कुठाय? … चहा आणायला पाठवलंस? … ताई, खरं सांग. पर्स खांद्याला अडकवलीस ना? पळायचा बेत आहे तुझा!

… हो, हो… अगं ऐक ना. सुईत दोरा अजून एका झटक्यात ओवतेस, मान्य. मीसुद्धा लांबून नंबरप्लेट वाचत होतो. आणि बस चालवता चालवता एकदम समोर काळे धागे तरंगायला लागले. काय केलं मी? वायपर लावला! कडक उन्हात, कोरड्या काचेवर. … हस, हस. कंडक्टरही हसला. पण ते धागे काचेवर नव्हतेच, डोळ्याच्या आत रक्त सांडलं होतं.

… लेसर ना? थोडं दुखतं. टोचल्यासारखं. हिरवा उजेड लख्खकन येतो, मग जरा वेळ सगळं जांभळट दिसतं. … अगं, पण त्याआधी त्यांनी माझ्या डोळ्याचा आतला फोटो दाखवला. नारिंगी गोल, आणि त्यात बारीक लाल फांद्याच फांद्या. अठ्ठावन्न वर्षं त्यातून जग बघतोय, आणि त्याला एकदाही बघितलं नव्हतं! हात जोडावेसे वाटले मला. … नाही गं, थट्टा नाही करत.

त्या रक्ताच्या नळ्या. साखरेनं खराब झाल्या की डोळा बिचारा स्वतःच नव्या काढतो. पण त्या कच्च्या, फुटतात. म्हणून डॉक्टरीणबाई कडेकडेनं डागतात. शेकडो ठिपके! मग नव्या नळ्या सुकतात आणि मधली नजर वाचते.

… हो. … हो, कडेचं कमी होतं. खोटं कशाला सांगू? माझं झालंय. … थोडं आजारानं, थोडं लेसरनं. बाईंनी आधीच सांगितलं होतं. … मला तरी कुठे कळलं होतं! नंतर तपासणी केली ना. पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या दिव्यावर नजर ठेवायची, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. माझी पहिली तपासणी बाद! डोळे सारखे डावीकडे, उजवीकडे. तीस वर्षं आरसे बघायची सवय. तिथली पोरगी म्हणाली, काका, ही बस नाही, समोर बघा.

बघितलं समोर. ठिपका दिसला, दाबलं… दिसला, दाबलं… मग बराच वेळ काहीच नाही. मी विचारलं, पोरी, मशीन बंद पडलं का? … ती म्हणाली, चालू आहे काका.

… हॅलो? … आहेस ना? … काळं नाही दिसत गं. काहीच नसतं तिथे, आणि नाही हेही कळत नाही! मान वळवून वळवून मीच भरून काढत होतो.

… बस? … सोमवारी सोडली. … कुणी काढलं नाही, मीच सांगायला गेलो. कडेनं एखादं पोर धावत आलं असतं तर? … रडलो, हो. डेपोच्या पायरीवर बसून रडलो. … पण ताई, लेसर केलं नसतं तर मधलंही गेलं असतं. आज सकाळी हिच्या भुवईतला पांढरा केस दिसला मला. एकच! सांगितला, तर अजून अबोला आहे.

… काय? तुझं नाव पुकारलं? … घाबर ना, कोण नको म्हणतंय! घाबरत जा, पण जा. … जा गं. …

ताई? … अगं, इकडे ये. हळू! तुझी नणंद आत गेली. फोन तसाच पर्समध्ये टाकलाय तिनं. अबोला राहू दे, कान लाव इथे. … बाई सांगतायत, हनुवटी टेकवा. … टेकवली वाटतं. … ऐकलंस? टिक… टिक… लेसरचा एकेक ठिपका आहे तो. … बसली गं! ताई बसली! … शाबास… हॅलो? … हॅलो? …

गेला फोन. … नको, नको, परत लावू नकोस! वाजला तर हलेल ती.