ठेवायला दिलेली कार्डं

नाव विभावरी हृषिकेश टिळेकर, वय २७, धंदा शिक्षण, रा. येना, जर्मनी. दुभाषी अरुंधती पेंडसे यांच्यामार्फत पोलिसांसमोर सांगते की,

मी पती हृषिकेश यांच्यासह राहते. ते इंजिनिअर आहेत. मी विद्यापीठात शिकते. आज सकाळी परीक्षेला जाताना ट्राममध्ये तपासनीस आले. विद्यार्थी कार्ड दाखवलं की आम्हाला तिकीट लागत नाही, पण ते माझ्याजवळ नव्हतं. बँकेचं, विम्याचं किंवा व्हिसाचंही कार्ड नव्हतं. मी कोण हे पटवता येईना, म्हणून त्यांनी पोलीस बोलावले.

माझी सगळी कार्डं घरी हृषिकेशच्या कपाटात कुलपात असतात. ती मिळाली तेव्हा सासूबाई इथेच होत्या. त्यांनी ती देवापुढे ठेवायला लावली, हळदकुंकू वाहिलं. नंतर हृषिकेशनी उचलली आणि म्हणाले, "मी सांभाळतो, तू वेंधळी आहेस." माझी आजवर साधी छत्रीही हरवलेली नाही. तेव्हापासून बाजाराला जाताना बँकेचं कार्ड मिळतं, आल्यावर पावतीसकट परत द्यावं लागतं. मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीत, जेवायलाही विद्यार्थी कार्ड लागतं, म्हणून मी डबा नेते. पुस्तकं मैत्रिणीच्या कार्डावर घेते.

मी नोकरीसाठी अर्ज केल्याचं काल त्यांना कळलं. एरवी परीक्षेच्या दिवशी विद्यार्थी कार्ड मिळतं, आज मिळालं नाही. परीक्षेत ते बाकावर ठेवावं लागतं हे त्यांना माहीत आहे. या परीक्षेचा हा माझा शेवटचा प्रयत्न होता. तो हुकला की विद्यापीठातून नाव जातं, व्हिसा जातो. मग मी इथे फक्त त्यांची बायको म्हणून राहू शकते. तरी निघाले, पर्यवेक्षकांच्या पायाही पडले असते. आता पेपर सुरू झाला आहे. मला भयंकर राग आला आहे, तोही लिहावा.

साहेबांनी विचारलं, कार्डं तुम्ही दिली की त्यांनी घेतली. मी म्हणाले, "ठेवायला दिली." अरुंधतीताईंनी ते जर्मनमध्ये सांगितल्यावर साहेब म्हणाले, गेनाऊ, बरोबर, म्हणजे तुम्ही स्वतःच दिली. आमच्यात ठेवायला दिलेलं हे दिलेलं नसतं. माझं सोनंही सासूबाईंकडे असंच ठेवायला आहे. ते मी कधी परत मागितलेलं नाही. हे सांगताना माझं मलाच ऐकू आलं. तरी "दिली" खोडून "घेतली" लिहावं.

ओळख पटवण्यासाठी हृषिकेशना कार्डं घेऊन बोलावलं आहे. ती माझ्या हातात द्यावीत.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. खोडलेल्या शब्दासह तो माझाच आहे, म्हणून सही करते. हृषिकेश बाहेर येऊन बसले आहेत, आवाज ओळखला. मला थोडा वेळ इथेच बसू द्यावं.