मायची जोडवी

“कुणाचा इस्वास बसायचा न्हाय, बीबी, पर निजामाच्या करोडगिरीच्या जकात नाक्यावर म्या एक ओवी म्हणली, तर नाकेदार झडती सोडून ढसाढसा रडला!”

तुळजापूरला चिंचेखाली सोलापूरच्या मोटारीची वाट बघत बसलेल्या हमिदाबीनं शेजारच्या बिरू धनगराकडं वळून पाहिलं.

“नाकेदार अन् रडला? ऱ्हाऊ द्या, बाबा. ही पोरगी कोण, तुमच्या पाठीमागं दडलीय ती?”

“नात माझी, गजरा. तेरा वर्साची हाय. हिची माय सोलापूरच्या मिलात कामाला गेली, दोन वर्सं झाली. तवापासनं ही एकटी जात्यावर गाती; माणूस दिसलं की गप.”

“आज येणार व्हय माय?”

“तशी चिठ्ठी आलीय. मागल्या बाजाराला बी चिठ्ठीच आलती.”

पोरीची नजर सोलापूरच्या रस्त्यावरनं हलत नव्हती. हमिदाबीनं विषय बदलला.

“बरं, ऐकवा तुमची ती ओवी.”

“ऐका तर. म्या सोता रचलीय, हां!

सोलापूरची मोटार, चिंचंखाली उभी राहती,
उतरत्या पायांत मी, मायचं पैंजण पाहती.”

“पाहती? या अल्ला! बाबा, बाप्यामाणूस ‘पाहती’ म्हणतो व्हय?”

“त्ये... यमक जुळाया पायजे न्हवं, बीबी!”

“पैंजण न्हाय, जोडवी!” गजरा आज्याच्या पाठीमागनं पुढं आली. आवाज सगळ्या चिंचेखाली ऐकू गेला. “माज्या मायला पैंजण कधी व्हतं? अन् खोटं नका बोलू, आजा. ती ओवी माजी हाय.”