सरपंच नव्या स्क्रीनवर, उपसरपंच जुन्या

आमच्या संतोषसमोर त्याच्या कॉम्प्युटरच्या लिनक्स सिस्टीमला नावं ठेवायची सोय नाही. पण परवा जामखेडला त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात काय झालं ते ऐका.

पठ्ठ्याने नवा फोरके मॉनिटर आणला आणि शेजारी जुनाच ठेवला. मी म्हटलं, "ही जोडी जमायची नाही." तर म्हणे, "लिनक्स आहे, सगळं जमतं."

तेवढ्यात गावचे सरपंच आणि उपसरपंच यात्रेचा फ्लेक्स बघायला आले. दोघांचे फोटो सारखेच हवेत, नाहीतर मागच्या यात्रेसारखी भांडणं, असं बजावूनच बसले. संतोषने ऐटीत फ्लेक्स दोन्ही स्क्रीनवर पसरला. नव्या स्क्रीनचे ठिपके बारीक, म्हणून तिथले सरपंच पासपोर्ट फोटोएवढे. जुन्यावरचे उपसरपंच ताटाएवढे.

सरपंच म्हणाले, "मी लई लांब उभा हाय का?"

"छापताना सारखेच येतील, सरपंच. थांबा, तुम्हाला दोनशे टक्के करतो," म्हणत संतोषने सेटिंग बदललं. पण ते सेटिंग दोन्ही स्क्रीनला मिळून एकच होतं. सरपंच जेमतेम बशीएवढे झाले आणि जुन्या स्क्रीनवर उपसरपंचांची नुसती मिशीच मावली.

सरपंच शांतपणे म्हणाले, "गावात बी असंच हाय. जोर मी लावतो, वाढतो ह्यो."

संतोष घाईघाईने जुन्या मॉनिटरची वायर काढायला वाकला, तर उपसरपंचांनी त्याचा हात धरला.

"राहू दे की. सिस्टीम चांगली हाय."