जनरेटरचंही तिकीट

आनेकलहून निघालेल्या बसमध्ये मराठी कानावर पडलं, तशी दारालगतच्या सीटवरल्या सावित्रीबाईंनी खिडकीकडे तोंड ठेवून कान मात्र पलीकडच्या सीटवरच्या जोडप्याकडे लावले.

"जनरेटरचंही तिकीट काढलंस! अगं पवित्रा, मशीन घ्यायला चाललोय की वरात काढायला?"

"मागचं वाफेचं मशीन दुकानाच्या प्लगवर कसं फुसफुसत होतं! आपल्या जनरेटरला लावलं, तर वाफ धरायच्या आधीच जनरेटर बंद. गिऱ्हाईकाच्या दारात त्याची गाडी अर्धवट साफ करून ठेवली आपण."

"या वेळी कमी वॅटचं घेऊ. चालेल म्हणालाय दुकानदार."

"मागच्या वेळीही तेच म्हणाला होता. आता आपल्या जनरेटरवर चालवून दाखवू दे. आधी वाफ, मग सीटमधलं पाणी ओढायचं मशीन. दोन्ही एकदम मी लावणारच नाही."

"दुकानात धूर करू देईल होय तो?"

"मग फुटपाथवर लावू."

"लोक बघतील."

"बघू देत की."

"आणि बंद पडलं तर?"

"तर पुढच्या दुकानापर्यंत जनरेटर उचलायचा. एक मूठ तुम्ही धरा, एक मी."

पवित्राच्या नवऱ्यानं, महांतेशनं वाकून सीटजवळ ठेवलेल्या जनरेटरची आपल्या बाजूची मूठ चाचपून पाहिली.

सावित्रीबाईंनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली.

"इकडं सरकव गं तो जनरेटर स्वल्प, जरासा. दार जवळ पडेल उतरवायला."