नवरोजचा ईमेल

"मेरिम, चुकलं तुझं आणि माझ्यावर काय डाफरतेस?"

"तुझ्यामुळे नोकरी जातेय, एर्मेक! साहेब म्हणतात, माझा ईमेल कोणी उघडतच नाही."

"निम्म्या गिऱ्हाइकांना तुझा ईमेल धाडला, निम्म्यांना माझा. माझा जास्त उघडला गेला. आकडे खोटं बोलतात का?"

"माझा कधी धाडलास?"

"नवरोजला."

"आणि तुझा?"

"सोमवारी. का?"

"नवरोजच्या सणाला अख्खं बिश्केक सुमोलोकच्या खिरीची कढई ढवळत बसलेलं! ईमेल कोण बघणार?"

"ते मी साहेबांना कशाला सांगू?"

मिनीबसच्या रांगेत मागे उभ्या बुरुलकान आजींना राहवेना.

"ए शहाण्या, शर्यतीचे घोडे एकाच दिवशी, एकाच माळावर सोडतात. तिचा चिखलात पळवलास, तुझा वाळल्या गवतावर. हा विजय नव्हे, चोरी आहे. जा, साहेबांना सांग!"