या डोंगरात माणूस नाही

— मळभ आहे ते, साहेब, मळभ. सकाळपासून असंच दाटलंय. ऊन नाही, पाऊस नाही, वारा माहेरी गेल्यासारखा. पान हलत नाही. अंगाला घाम नि आभाळाला राख फासलेली. तुम्ही सारखं वर का बघताय ते कळतंय मला, उजेड बुडाला तुमचा. मागं ते जयदेवसाहेब आले होते ना पिक्चर काढायला, तेही असेच बघायचे, कपाळावर हात धरून. एकदा तर ढगाला शिवी हासडली त्यांनी, इंग्रजीत. ढग अडाणी, त्याला काय कळणार? बसून राहिला आपला. तुम्हीही बसा. त्या दगडावर नको, मुंगळे आहेत. इथं, माझ्याशेजारी. पाटलोण मळेल म्हणता? मळू द्या की. जंगलाचाच पिक्चर ना तुमचा?

हां, आता पुन्हा सांगा. शाळेचं तोंड बघितलेलं नाही मी, मला सावकाश कळतं. एक कुटुंब आहे — आई, बाप, पोरं. मुंबईचं. सहलीला निघतं, मोटार बंद पडते, वाट चुकते, आणि मग जंगलात नुसती गंमत. — हो का. अगदी नवीनच काढलीत म्हणायची गोष्ट. नाही, हसत नाही मी, पुढचे दात पडलेत म्हणून तसं दिसतं. जयदेवसाहेबांचंही एक कुटुंबच होतं, तेही मुंबईचंच, तेही वाट चुकलेलं. आमच्या डोंगरावर मुंबईची माणसं वाट चुकायलाच येतात. सापडून कोणी आलं नाही अजून.

पण पोरं आहेत म्हणालात ना त्यात? केवढी? — असं. लहान. मग नको साहेब. इथं नको. का म्हणजे? पाणी नाही इथं. — हा आवाज होय? हा ओढ्याचा. पण ते पाणी बाधतं. आम्हाला? आम्हाला नाही बाधत, आम्ही पितो. तुमच्या लेकरांना बाधेल. शिवाय साप आहेत. शिवाय — शिवाय वाट अवघड आहे. तुम्ही आलात की, पण तुम्ही धट्टेकट्टे. तुम्ही असं करा, तिकडं मलंगगडाच्या अंगाला जा. तिथलं जंगल फार चांगलं, आमच्याहून जास्त जंगली.

ऐकणार नाही म्हणता. बरं. मग त्या खेपेची हकिकत ऐकून जा, म्हणजे मन आपोआप वळेल. जयदेवसाहेब यायचे कळलं, त्यात बरोबर लेकरं, म्हणून आदल्या दिवशी आख्खा पाडा कामाला लागला. करवंदीच्या जाळ्या छाटल्या, वाटेतले काटे उचलले, दगड बाजूला केले. बायकांनी तर त्या आंब्याखालची जमीन शेणानं सारवून घेतली — चंद्रीनं तांदळाच्या पिठाची नक्षी काढली वर. पाहुणे यायचे म्हणजे करावंच लागतं, नाही का? साहेब आले, बघितलं, आणि डोकं धरून खालीच बसले. म्हणाले, मला घनदाट अरण्य पाहिजे, तुम्ही अंगण करून ठेवलंत! मग काय, आम्हीच काढलेले काटे आम्हीच पुन्हा आणून पसरले. त्यात पहिला पाय हिंदुरावांचा पडला. हिंदुराव म्हणजे पिक्चरमधला बाप. आडवातिडवा गडी, मिशा अशा, आवाज असा, आणि आमच्या पाड्यातल्या चांगोची शेळी शिंकली तर मोटारीच्या टपावर. अस्वल होतं एक. मुंबईचंच. चहा आला की मुंडकं काढून काखेत धरायचं आणि बशीतून प्यायचं. आमच्या कुत्र्यांनी त्याला कधी अस्वल मानलं नाही, पण फाडलं मात्र मानून.

खरी पंचाईत झाली ती हाकेची. आमच्यात एक आण आहे, साहेब. जंगलात कोणाची हाक आली — ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, वैरी असो — ऐकणाऱ्यानं ओ द्यायची. जेवत असला तर खरकट्या हातानं उठायचं. ओ द्यायची आणि निघायचं. वाघोबापुढं नारळ ठेवून घेतलेली आण आहे ती, आज्यापणज्यांची. आता पिक्चरमध्ये काय, तर वाट चुकलेलं कुटुंब दमून उभं राहतं आणि हिंदुराव तोंडाशी हात धरून ओरडतात — कोई है? — विचारलं, म्हणून सांगितलं आम्ही, आहे. समोरच्या टेपाडावरून बारकूनं ओ दिली, ओढ्यातून चंद्रीनं दिली, चांगो मोहाच्या झाडावर होता, त्यानं झाडावरूनच दिली. आणि धावलो की सगळे. चारी बाजूंनी माणसंच माणसं, मध्ये ते हरवलेलं कुटुंब. चांगोनं तर हिंदुरावांचा हात धरला, म्हणाला, घाबरू नका पाहुणं, बदलापूर टेसन इकडं हाय. — हसताय? जयदेवसाहेब नाही हसले. पुन्हा घेतलं त्यांनी, पुन्हा हिंदुराव ओरडले, पुन्हा आम्ही आलो. आण काय एकदाच पाळायची असते?

शेवटी आख्ख्या पाड्याला आंब्याखाली बसवून त्यांनी चांगल्या शब्दांत समजावलं. म्हणाले, हे बघा, या डोंगरात माणूस नाही. पिक्चरमध्ये तसं आहे. म्हणजे तुम्ही नाहीच. कोणी कितीही हाका मारल्या तरी नाही म्हणजे नाही. आम्ही म्हटलं, बरं. ते काही जड नाही गेलं आम्हाला, मागं मोजणीला आलेले साहेबही तसंच ठरवून गेले होते. नसायची सवय आहे आम्हाला. फक्त वाघोबाला विचारायला हवं होतं, म्हणून दुसरा नारळ फोडला आणि पिक्चर संपेपर्यंतची मुभा मागून घेतली. सगळ्यांनी खोबरं खाल्लं. आमच्या नवसीनं तेवढं तोंडात घातलं नाही. नवसी म्हणजे आमची बायको. म्हणाली, तुम्ही नसा खुशाल, मी हाय.

तिचं डोकंच तसं. आणि त्यात ती पोर होती ना — सुहासिनी. पिक्चरमधली धाकटी लेक. पुढचे दात पडलेले, माझ्यासारखी. बरोबर कोणी मावशी म्हणवणारी बाई होती, कॅमेरा फिरायच्या आधी ती पोरीच्या मांडीला चिमटा घ्यायची. का? अहो, डोळ्यांत पाणी यायला नको का! एवढ्या लांब काय कोरडे डोळे घेऊन आले होते ते? नवसीनं ते बघितलं.  तेव्हापासून मधली सुट्टी झाली की पोर नवसीच्या मागं मागं. हे कसलं फळ, तो कुठला पक्षी, तुला शेपटी का नाही. आमच्या बायका जंगली आहेत असं तिला सांगून आणलं होतं, तर शेपटी शोधायची बिचारी.

एके दिवशी दुपारी जेवणं चालली होती त्यांची. पिक्चरमध्ये त्या दिवशी उपासमार होती, म्हणून पुऱ्या आणि श्रीखंड. पोर खारीच्या मागं निघाली असावी, पलीकडं घळ आहे, तिच्यात घसरली. मधल्या कपारीला अडकली — खाली बघितलं तर तळ दिसत नाही, अशी जागा. आणि हाका मारायला लागली. साऱ्या डोंगराला ऐकू गेल्या त्या. पाडा गप्प. आम्ही नव्हतोच ना! चंद्री धुणं धूत होती, धूत राहिली. बारकू ऐकत उभा. आणि तिकडं आंब्याखाली हिंदुराव हातात पुरी धरून म्हणतात, वा, काय सूर लावलाय पोरीनं. जयदेवसाहेब म्हणतात, हौशी आहे, तालीम करतेय. ती मावशी म्हणते, माझंच वळण. म्हणजे बघा, साहेब, एवढी हुशारीची गोष्ट तुम्हाला शोधून सापडायची नाही: जंगलात खरोखर लेकरू हरवलं, एवढी माणसं ऐकतायत, आणि सगळ्यांना पिक्चर फार चांगला चाललाय असं वाटतंय.

नवसीनं डोक्यावरचा भारा तिथंच टाकला आणि असा कुकारा घातला की आंब्याखालच्या वाट्या वाजल्या. ओ दिली आणि सुटली. मी तिच्यामागं. कारवीच्या काड्यांना धरून ती उतरली खाली, या वयात. पोर कपारीला पालीसारखी चिकटलेली, ओठ निळे. नवसीला बघून काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, मी खरंखरं ओरडत होते. — एवढंच. नवसी म्हणाली, मला ठावं हाय. पाठीला बांधून वर आणली तिला. वर सगळे जमलेले. मला वाटलं, आता कोणी पोटाशी धरेल. जयदेवसाहेबांनी घळीत वाकून बघितलं आणि म्हणाले, अरे, जागा काय सुरेख आहे! उद्या इथंच घेऊ. पोरीला त्याच कपारीवर ठेवू. फक्त ही बाई तेवढी दिसता कामा नये.

तेव्हा नवसीनं पोर दिलीच नाही त्यांना. दारात बसली कोयता मांडीवर ठेवून. अंगात ताप भरला होता पोरीच्या. नवसी तिला ओली फडकी लावत होती आणि आमच्याकडं कोणाकडं बघत नव्हती. माझ्याकडंही नाही. सकाळी मावशी आली, कागद दाखवला, हक्क सांगितला. मुंबईहून फोन... नाही, फोन कुठला, माणूस आला होता. ताप उतरला होता, पोर त्यांची होती, आम्ही काय करणार? नेली. या समोरच्या वाटेनं नेली. ती मावशीच्या खांद्यावरून मागं वळून हाका मारत होती — नवसीआई, नवसीआई — त्या वळणापर्यंत, नंतर वळणाच्या खाली, नंतर ओढ्याच्या पलीकडं. आणि तेव्हा मात्र, साहेब, नवसीनं ओ दिली नाही. तोंडात पदर कोंबून उभी राहिली. पोर तिच्याच माणसांनी नेलेली, ओ देऊन करणार काय? पण आण ती आण, मोडली ती मोडलीच.

पिक्चर पुढं लागला उल्हासनगरच्या कॅम्पात, थेटरात. लागणारच. तिनं हट्ट धरला म्हणून चालत गेलो, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर. मागं सिंधी शेठ बसलेले, पापड खात, खूश होते अगदी. गंमतच होती म्हणा — अस्वल पडतं काय, हिंदुराव पळतात काय. मग पोर हरवते. पडद्यावर एवढा मोठा तिचा चेहरा. हाक मारते. आणि आमची बाई उभी राहून आख्ख्या थेटरात ओ देते. थेटर फुटलं हसून. शेठ म्हणाले, बैठ जाओ माई, पिक्चर है. मी हात धरून बसवली, तर पुन्हा उठते. आणि शेवट काय? हिंदुराव सूर्याकडं बघून, डोकं लढवून, सगळ्यांना सुखरूप जंगलाबाहेर काढतात. हिंदुराव! ज्यांना झाडामागं जाऊन परत यायला चांगो लागायचा! लोकांनी टाळ्या पिटल्या. मी पण पिटल्या. कोणीतरी काढलं ना बाहेर.

तर तसं आहे. तेव्हापासून मोर ओरडला तरी उठते ती. मोराचं ओरडणं लेकरासारखंच असतं, तुम्ही ऐकलं असेल. संध्याकाळी त्या टेपाडावर जाऊन बसते, कान देऊन. बोलावलं तर येते, जेवते, पण अर्धा कान तिकडंच. मागचा पावसाळा तर अंथरुणातच काढला. मी नुसता बघत बसायचो. — आमचं? नाही, आम्हाला मूल नाही. झालं होतं. राहू द्या ते.

म्हणून सांगत होतो, पाणी बाधतं. आलं ना ध्यानात? तुमचा पिक्चर चांगलाच असणार, तुम्ही माणूसही बरे दिसता, चिमटे काढणारे नाही. पण तुम्ही महिनाभर लेकरू आणणार, आणि मग घेऊन जाणार. न्यावंच लागणार. माझ्यात आता ते दुसऱ्यांदा बघायची ताकद नाही — तिच्यात म्हणायचं होतं मला. तिच्यात नाही.

बरं, मोटार कुठं ठेवलीत? ओढ्यापाशी. आत ड्रायव्हर असेल. — आणखी कोण? — लेकरू? लेकरू आजच घेऊन आलात? कशाला हो? जंगल दाखवायला! आई नाही बरोबर? ड्रायव्हरजवळ ठेवून आलात! उठा. मघाशी बसा म्हणालो तोही मीच, आता उठा म्हणतोय तोही मीच. नवसी बदलापूरच्या बाजाराला पानं घेऊन गेलीय, यायची वेळ झाली, त्याच वाटेनं येते ती. तुम्ही पळा, मोटार काढा, मलंगगड, कर्जत, कुठंही जा. पाटलोणीचं काय घेऊन बसलात? पळा म्हणतोय ना! — थांबा. चांगो येतोय. हा का धापा टाकतोय? काय रे? बोल, यांच्यासमोरच बोल.

"देऊदादा, वहिनी खाली मोटारीपाशी हाय. लेकरू कडेवर घेऊन त्या डायवरला वरच्या तळ्याची जागा दाखवतेय, म्हणते पिक्चर तिथंच चांगला निघंल. मला म्हणाली, तू पुढं हो नि दादाला सांग — लेकराला झोप आलीय, गोधडी घालून ठेव, आणि मोठमोठ्यानं बोलत बसू नका म्हणावं कोणी."