मेलेल्यानं तांड्यात येऊ नये

हरिसिंग : तिथंच उभा राह्य खेम्या! तांड्याचा नायक म्हणून सांगतो, लिंबाच्या इकडे पाय टाकशील तं आपल्या देवाची, सेवाभायाची आण हाय तुले.

खेमसिंग : पण नायक, मी मेलो कुठं? हा काय, ट्रंक घेऊन उभा हाव तुमच्या समोर. मुंबईहून रेल्वे, रेल्वेतून मोटर, अन् ढाणकीहून इथंलोक पायी. मेलेला मानूस इतका घामाघूम होते काय?

हरिसिंग : घामाचं मले नको सांगू. साऱ्या तांड्यानं पाह्यलं. ढाणकीले तंबूचा सिनेमा आला. देवसिंग वरडत आला, आपला खेमसिंग पडद्यावर हाय म्हणून. साऱ्या बंड्या जुपल्या. बाया, लेकरं, म्हातारे. ज्याले चालता येत नाही त्याले बाजेसकट बंडीत टाकलं. अन् तू मेला. आमच्या डोयांदेखत.

खेमसिंग : अहो, तो पिक्चर होता! कामच हाय ते माह्यं. स्टंटच्या पिक्चरमधी मारामारी करतो मी. फाइट मास्टर म्हणते, 'खेमसिंग, मर,' का मी मरतो. मंग उठून चहा पेतो.

हरिसिंग : चहा आम्हाले नाही दिसला.

हंसा : नायकबापू, येऊ द्या ना त्यायले. ऊन कसं हाय.

हरिसिंग : हंसाबाई, तू मधी नको बोलू. मेलेला नवरा दारात आला तं बाईनं घुंगट घ्यावा का भूत म्हणून पयावं, हे मलेच अजून समजून नाही राह्यलं. खेम्या, तुह्या नावानं बोकड कापला आम्ही. साऱ्या तांड्यानं खाल्ला. रस्सा पेला.

खेमसिंग : मंग बरं झालं की.

हरिसिंग : काय बरं झालं? रामधनचा बोकड होता तो. तुले ढाणकीले मोटरीतून उतरताना पाह्यलं तवापासून तो माह्या मागं लागला हाय. म्हणते, नायक, मानूस परत आला तं माह्यं बोकड बी परत आलं पाह्यजे. आता खाल्लेला बोकड मी कुठून आणू?

खेमसिंग : हंसे, तू तरी सांगाचं होतं यायले. पिक्चरमधी कोणी खरोखर मरते काय?

हंसा : मी काय सांगू? तिथं कोणाले आयकू येत होतं? तुमी पडले, अन् लालीबाईनं गया काढला. तिच्या मागं साऱ्या बाया. गडीमानसं लाठ्या घेऊन उठले अन् त्या हिरोले माराले पडद्यावर धावले. पडदा फाटला टराटरा. तंबूवाला आमच्याहून जास्त रडाले लागला. शेवटी लालीबाईलेच दया आली, तिनं आपल्या घागऱ्याचा, फेटियाचा तुकडा फाडून देल्ला, आरशाआरशाचा. त्याचं ठिगय लावलं पडद्याले.

खेमसिंग : बाप्पा! फेटियाचं ठिगय?

हंसा : बरोबर हिरोच्या गालावर येत होतं ते. दुसऱ्या दिवशीपासून तो हिरोईनीच्या जवय गेला का तिच्या तोंडापुढे नुसते आरसे.

खेमसिंग : दुसऱ्या दिवशीचं तुले कसं मालूम?

हंसा : गेलती मी.

खेमसिंग : परत? कोणासंग?

हंसा : कोणासंग कायले? पायी गेली. तंबू उठेलोक रोज गेली.

हरिसिंग : आयक! अन् हे मले आज कळून राह्यलं. म्हणून म्या सवाशिणीची घुगरी उतर म्हणलं तं हिनं केसातली घुगरी उतरवली नाही. साऱ्या बाया समजावून थकल्या. हे म्हणे, उतरवत नाही.

हंसा : कायले उतरवू? आज संध्याकायी मेलेला मानूस उद्या संध्याकायी घोड्यावर बसून परत येत होता. जो रोज परत येते तो मेला कसा?

खेमसिंग : हां! हे झाली ना शहाणपणाची गोष्ट! मंग मरताना पाहून हासू येत असन तुले.

हंसा : मरताना पाह्यलं नाही म्या. पहिल्या दिवशी पाह्यलं तेवढंच. मंग तुमी नदीकाठी लाठी घेऊन उभे राह्यले का मी उठून बाहेर येत होती. तंबूच्या दोरीजवय बसत होती. बाकीचे पडताना वरडते. तुमी वरडत नाही.

खेमसिंग : वरडणारे वेगळे राह्यते. त्यायले वरडाचं काम भेटते.

हरिसिंग : अन् तोंडाले काया फडका कायले बांधला होता रे? चोरासारखा?

खेमसिंग : चोरच होतो नायक. तरी तुमी वळखलं?

हरिसिंग : डाव्या हातानं लाठी फिरली का मी बाजेवरून उठलोच. म्हणलं, हे तं माह्या घरची लाठी! म्या शिकवली तुले. माह्या आज्यानं या लाठीवर मिठाचे बैल राखले, जंगलातून, दरोडेखोरायच्या मधून. एक गोणी गेली नाही. अन् तू? कोणाच्या हातून पडला? पावडर लावलेल्या पोट्ट्याच्या! त्यानं लाठी कशी धरली होती पाह्यलं काय तू? ताकाची रवी धरते तशी! अन् एका फटक्यात तू आडवा!

खेमसिंग : फटका लागलाच नाही नायक. हातभर लांबून गेला. त्याले कंबरदुखी हाय, जास्त वाकता येत नाही. मीच उडलो.

हरिसिंग : लागला बी नाही? न लागता पडला? अरे रे रे. हे तं मेल्याहून वाईट.

हंसा : म्हणजे बोकडाचं नुसतं नाव हाय. तुमाले हारल्याचं दुःख हाय, नायकबापू.

हरिसिंग : दोन्ही हाय. आता आयक खेम्या. येऊ देतो तुले. लिंबाचा पाला, पानी, पायना, नाव ठेवणं, सारं करू. नवा जनम देतो. पण वचन द्या लागते का याच्यापुढे मरणार नाही.

खेमसिंग : मरणं हाच माहा धंदा हाय नायक! जगाले तिथं हिरो ठेवला हाय. आम्ही मराले. तिसरा उन्हाळा हाय हा. महाराष्ट्र झाला त्या साली गेलतो. पहिल्या वरसी नुसता गर्दीत मेलो, कोणी पाह्यलं बी नाही. मंग घोड्यावरून. आता तं एकटा मरतो, नदीकाठी. अन् नव्या पिक्चरमधी मध्यंतरालोक जिता हाव! फडका नाही. तोंड दिसते. एक वाक्य बी हाय.

हंसा : कोणतं वाक्य?

खेमसिंग : 'खबरदार! एक कदम आगे बढ़ाया तो!'

हरिसिंग : हे कोणाले म्हणतं?

खेमसिंग : हिरोले.

हरिसिंग : मंग थांबते तो?

खेमसिंग : नाही. पुढे येते.

हरिसिंग : अन् तू?

खेमसिंग : मी... पडतो.

हरिसिंग : घे. इतक्या लांब जाऊन बी तुह्यं कोणी आयकत नाही! उचल लाठी. हे घे. इथं पावडर नाही, कॅमेरा नाही. मले हरव अन् घरी जा. बोकडाचं मी पाहून घेतो.

खेमसिंग : नायक, तुमचं वय झालं.

हरिसिंग : मंग तं सोपं हाय. उचल!

हंसा : नायकबापू, तुमचे गुडघे!

हरिसिंग : गुडघे गेले खड्ड्यात. ये. हां... पाय बरोबर हाय. विसरला नाही. खांदा खाली. वा रे वा! फिरव. आता डावी बाजू पाह्य, आलो बरं मी—

हंसा : अव माय!

हरिसिंग : अबे! अबे, लागली काय? मी तं नुसती दाखवली! नुसती हवा लागली असन!

हंसा : कोलांटी मारून गेले! बाभयीच्या कुंपणात! उठा ना हो. हलू नका, काटे हाय पाठीले.

हरिसिंग : दात नका काढू रे पोट्टेहो! पया घरी! खेम्या, मी मारलंच नाही तुले.

खेमसिंग : मालूम हाय.

हरिसिंग : मंग पडला काहून?

खेमसिंग : लाठी येताना दिसली का आंग आपल्या मनानंच उडते, नायक. म्या तं उभा राह्याचं ठरवलं होतं. सेवाभायाची आण. आंगानं आयकलं नाही.

हरिसिंग : अन् तोंड तिकडे काहून फिरवलं, पडताना?

खेमसिंग : हिरोचं तोंड दिसा लागते लोकायले. आमची पाठ. परत घेऊ काय? आता उभा राह्यतो.

हरिसिंग : नको. ठेव ते लाठी. कोलांटी मातर पाह्यण्यासारखी मारली तू. म्या तं उभं राह्याले शिकवलं होतं... जा. घरी जा, जेव. उद्या सकायी करू तुहा जनम.

खेमसिंग : उद्या मी नाही नायक. आजच पाचच्या मोटरीनं जातो. परवा शूटिंग हाय. तोंडवालं.

हरिसिंग : अर्ध्या दिवसाचा जनम कसा देऊ तुले? जा, असाच जा. मेलेलाच जेव.

हंसा : अन् रामधन?

हरिसिंग : त्याले सांगतो, बोकड पुढच्या मरणाचा धर. आगाऊ.

(खेमसिंगच्या घरात. तो पालथा पडलेला. हंसा त्याच्या पाठीतले काटे काढते आहे.)

हंसा : हा काटा नाही. जुना घाव हाय. अन् हा बी.

खेमसिंग : एक घोड्याचा. एक जिन्याचा. जिन्यावरून पडताना तं साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या, हंसे. लाइटवाल्यायनं बी.

हंसा : तुमची माय, याडी गेली तवा बी तुमी असेच कुठंतरी पडून राह्यले असान.

खेमसिंग : त्या दिवशी पान्यात पडलो होतो. तार दुसऱ्या दिवशी भेटली.

हंसा : हलू नका.

खेमसिंग : तुले घेऊन गेलो असतो ना. पण एका खोलीत आम्ही सारे मरणारेच राह्यतो. पाय लांब कराले जागा नाही. तोंडवालं काम जमलं, लोकायनं वळखलं, का मंग वेगळी खोली घेतो.

हंसा : अन् तोपर्यंत मी तंबूत जाऊन पाहू तुमाले?

खेमसिंग : या बारी तोंड दिसन. मध्यंतरालोक दिसन.

हंसा : मध्यंतरात मी घरी येईन मंग. भाकरी कराले.

खेमसिंग : राह्य म्हणशील तं राह्यतो.

हंसा : मी कायले म्हणू? तुमच्या तोंडचं वाक्य जाईन दुसऱ्या कोणाले.

खेमसिंग : चार जन टपून बसले हाय त्या वाक्यावर.

हंसा : मंग जा ना. कोणी धरलं तुमाले?

खेमसिंग : ऊन उंबऱ्यावर आलं. पाचची मोटर म्हणजे आता निंघा लागते. भाकरी झाली काय?

हंसा : होते.

खेमसिंग : चूल तं पेटलीच नाही अजून. नुसता धूर.

हंसा : लाकडं ओली हाय.

खेमसिंग : चैताच्या उन्हात? ओली कशी होईन?

हंसा : म्या भिजवली.